शाडूचा हत्ती

शाळेची निमंत्रणपत्रिका आली आणि आधी बाईंचं नाव शोधलं. कोणत्या बाई, हे त्या वर्षांतल्या कुणालाही विचारायला नको. बाकीच्या बाईंना आम्ही आडनावानं ओळखायचो. नुसत्या ‘बाई’ म्हणजे विज्ञानाच्या. मराठीच्या आणि पीटीच्या सरांबद्दलही लिहायला हवं, पण ते दुसरं कुणी लिहील.

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. गणपती दूध पितो म्हणून देशभर बोभाटा झाला तो दिवस. मी नववी ‘ब’त होतो. मधल्या सुट्टीनंतर निम्मा वर्ग देवळासमोरच्या रांगेत. दुसऱ्या दिवशी बाई आल्या त्या चित्रकलेच्या सरांच्या कपाटातला शाडूचा हत्ती घेऊन. आता बोलणी बसणार म्हणून आम्ही माना खाली घातल्या, तर त्यांनी शांतपणे विचारलं, “काल कोण कोण पाजून आलं?” निम्मे हात वर. मग चमचाभर दूध घेतलं, त्यात निळ्या शाईचे दोन थेंब टाकले आणि चमचा सोंडेला टेकवून किंचित कलता धरला. दूध कमी होत गेलं. पोरं ओरडली, “प्यायला! प्यायला!” बाईंनी मॉनिटरला हत्तीच्या पोटावरून बोट फिरवायला लावलं. बोट निळं. सोंडेवरून छातीवर आणि तिथून पायापर्यंत बारीक निळा ओघळ उतरला होता. नुसतं पांढरं दूध असतं तर तो कुणाच्या लक्षातही आला नसता. द्रवाच्या पृष्ठभागावरच्या या ओढीचं नाव, ‘पृष्ठताण’, फळ्यावर त्यानंतर आलं. देव आहे की नाही, यावर त्या तासभरात एक अक्षर बोलल्या नाहीत. घरी आजीला सांगताना मला त्याचा फार उपयोग झाला.

त्याच आठवड्यात एका ऑफ तासाला म्हणाल्या, “आता याहून भारी गणपती ऐका.” आणि जयंत नारळीकरांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ वाचायला घेतली. माणसाची आरशातल्यासारखी उलट प्रतिमा होते, ती गोष्ट. मध्येच थांबून जुन्या चाचणीच्या पेपरची लांब पट्टी कापली, अर्धा पीळ देऊन टोकं डिंकानं चिकटवली आणि पेन्सिल न उचलता मधोमध रेघ ओढायला सांगितली. रेघ दोन्ही बाजूंवरून फिरून सुरुवातीलाच येऊन मिळाली! मग रेघेवरून कात्री चालवली. दोन कडी होणार यावर वर्गात पैजा लागल्या होत्या. झालं एकच, दुप्पट लांबीचं.

बाईंना नारळीकरांचं वेडच होतं. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत रँग्लर झालेला, फ्रेड हॉएल या खगोलशास्त्रज्ञाबरोबर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मांडलेला माणूस १९७२ साली केंब्रिज सोडून मुंबईला टीआयएफआर या संशोधन संस्थेत येतो आणि मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला गोष्ट पाठवतो, तीही ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं! आपल्याच ‘ज. वि. ना.’ या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून घेतलेलं नाव. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून गोष्ट पत्नीकडून उतरवून घेतली. हे सांगताना बाई स्वतःच शाळकरी पोरीसारख्या हसायच्या. पहिलं बक्षीस मिळालं, हे सांगायला नकोच.

सही मागणाऱ्या मुलांना नारळीकर सांगायचे की पोस्टकार्डावर प्रश्न पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. बाईंनी ही पद्धत उचलली. मे महिन्याच्या सुट्टीत पंधरा पैशांच्या कार्डावर आम्ही त्यांना प्रश्न पाठवायचे. “चंद्र दिवसा का दिसतो?” या माझ्या प्रश्नाला उत्तर आलं ते असं : रोज संध्याकाळी सातला गच्चीवर जा, चंद्र कुठे दिसतो ते लिहून ठेव, जूनमध्ये वही दाखव. सरळ उत्तर त्यांनी कुणालाच दिलं नाही.

आज भोसरीत माझं टूलरूम, म्हणजे साचे-हत्यारं बनवायचा कारखाना, आहे, चाळीस माणसं कामाला आहेत. नवीन पोरगा आला की मीही आधी मोजायला लावतो, मग बोलतो. माझ्या मुलीच्या वर्गात मोठा स्क्रीन आहे, त्यावर ग्रह फिरतात. गच्चीवर मात्र तिला कुणी पाठवलेलं नाही.

एनसीईआरटीच्या विज्ञान-गणिताच्या पुस्तकांसाठी नेमलेल्या सल्लागार गटाचे नारळीकर पुढे अध्यक्ष झाले. २० मे २०२५ ला ते गेले, तेव्हा बाईंना फोन केला. पलीकडून त्यांनी मलाच विचारलं, “हल्ली आकाश बघतोस का रे?”

मागच्या दिवाळीत शाळेत डोकावलो. प्रयोगशाळेच्या दाराला कुलूप, आत जुनी बाकं रचलेली. संचालक मंडळाला जाहीर विनंती आहे : बाकं हलवा, ओटे आणि नळ दुरुस्त करून घ्या, बिल माझ्या पत्त्यावर पाठवा. दारावर माझ्या नावाची पाटी नको. बाईंचं नाव घाला, आणि त्यांच्याच हातून कुलूप उघडा.