‘ओडी’ आणि ‘क्यूआयडी’ एकाच ओळीत

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नागपूरला धंतोलीत झालं. घरी आलो तेव्हा तिच्या दोन चिठ्ठ्या माझ्या हातात होत्या: एक डोळ्यांची, एक नेहमीच्या बीपीची. बीपीच्या गोळीपुढे ‘ओडी’ होतं, म्हणजे रोज एकदा. डोळ्यांच्या थेंबांपुढेही ‘ओडी’, आणि लगेच ‘क्यूआयडी’, म्हणजे दिवसातून चारदा. मग एकदा की चारदा?

आमच्या मेडिकलवाल्या भाऊंना विचारलं. ते म्हणाले, “ताई, थेंबांपुढचं ओडी म्हणजे उजवा डोळा. पण हॉस्पिटलला एक फोन कराच.” तिथल्या सिस्टरनेही तेच सांगितलं. ‘ओक्युलस डेक्स्टर’ हे लॅटिन. डावा डोळा ‘ओएस’. गोळीच्या बाबतीत मात्र आपल्याकडे ओडी म्हणजे रोज एकदा. हा घोळ फार धोक्याचा आहे. ‘उजवा डोळा, दिवसातून चारदा’ असं मराठीत लिहायला कितीसा वेळ लागतो? चिठ्ठी घरच्या माणसाला वाचता आलीच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

मग कॅलेंडरच्या मागे तक्ता केला. बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, क्यूआयडी चारदा. एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. मलमापुढचं एचएस म्हणजे झोपताना. थेंब स्टिरॉइडचे होते. ते एकदम बंद केले तर सूज उलटू शकते, म्हणून दर आठवड्याला एकेक वेळ कमी करत, दिवसातून चारदा, मग तीनदा, दोनदा, एकदा असे घालायचे होते. त्यामुळे प्रत्येक आठवड्याची तारीख टाकली. दोन वेगळ्या थेंबांमध्ये पाच मिनिटं थांबायचं, नाहीतर पहिला थेंब धुऊन जातो, हेही लिहिलं.

पॅरासिटामॉलपुढे ‘एसओएस’ होतं. ‘सी ओपुस सित’, गरज पडली तर. पण गरज कधी पडली म्हणायची? आई तर दुखणं अंगावर काढणारी. पुढच्या तपासणीला मी हेच विचारलं. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं: दुखलं तर एक गोळी, पुढची निदान सहा तासांनी. दुखणं वाढत गेलं, डोळा लाल झाला किंवा धूसर दिसू लागलं, तर गोळी देऊन वाट पाहायची नाही, रात्र असली तरी आणायचं. ते तिथेच, त्यांच्यासमोर, तक्त्यात लाल पेनने लिहून घेतलं.