सेन्नेजेमचं वावर

इजिप्तच्या टूरमध्ये लक्झरचा दिवस आला की गाइड म्हणून माझी टेप सुरू होते. बारा वर्षं तीच. यंदा ती परभणीकडच्या एका काकांनी बंद पाडली.

राजांची दरी बघून मंडळी उन्हानं पार दमलेली. देर अल-मदिनाला, म्हणजे तिथल्या थडगी घडवणाऱ्यांच्या जुन्या गावाला, निम्मी बसमधून उतरलीच नाहीत. आम्ही सात-आठ जण वाकत वाकत सेन्नेजेमच्या थडग्यात उतरलो. हा राजा नव्हे, राजांची थडगी घडवणाऱ्या कारागिरांपैकी एक. १८८६मध्ये हे थडगं सापडलं तेव्हा चोरांचा हात लागलेला नव्हता. एका भिंतीवर त्याचा स्वर्ग रंगवलाय. चहूकडे पाणी, मध्ये शेत. तो औत हाकतोय, मागून बायको पेरतेय.

काका भिंतीपाशी डोळे बारीक करून उभे. "ताई, हे फोकून पेरतात. तिफण न्हाई." मग, "गहू बघा. नुसत्या ओंब्या कापल्या, ताट उभंच." विळा कुठं लागलाय हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. "आन् एवढे पांढरेशुभ्र कपडे घालून औत कोण हाकतं?" जरा थांबून म्हणाले, "मेल्यावरबी औत सुटत न्हाई म्हणा की."

बाहेर सावलीत मी उशब्तींचं सांगितलं. मेलेल्यासोबत पुरायच्या लहान मूर्ती. परलोकात शेतावर कामाचं बोलावणं आलं की मूर्तीनं "हा मी" म्हणायचं आणि धन्याऐवजी राबायचं. पुढंपुढं वर्षाच्या दिवसागणिक एक अशा ३६५ आणि दर दहांवर देखरेखीला एक, अशा आणखी ३६. तूतनखामुन राजापाशी तर ४१३ निघाल्या.

"सालगडी!" काका म्हणाले. "आन् ते छत्तीस मुकादम."

मी आजवर 'सेवकमूर्ती' म्हणत होते.

शेजारचं देऊळ टोलेमींचं, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या राजांचं. पण आत भिंतीवर कोरलेला मेल्यानंतरचा निवाडा जुना इजिप्तचाच. एका पारड्यात मेलेल्याचं काळीज, दुसऱ्यात सत्याची देवी मात हिचं पीस. लेखनिक देव थोथ लिहून घेतोय, पापी काळीज गिळायला मगरतोंडी अम्मित टपलेली. काट्याशी कोल्हेतोंड्या अनुबिस.

"काट्यावर कोल्हा? मग माल तिथंच मारला."

काळजानं आपल्याविरुद्ध साक्ष देऊ नये म्हणून ममीच्या छातीवर दगडी भुंगा ठेवायचे, त्यावर तशी विनवणी कोरलेली, हेही सांगितलं.

"साक्षीदार आधीच फोडला तर!"

परतताना दुकानात त्यांनी घासाघीस करून वीतभर निळी उशब्ती घेतली. बसमध्ये काकूंपुढं धरली. "गडी आणला. उचल द्यायची गरज न्हाई."

काकूंनी ती उलटीपालटी करून बघितली. "भाकरी लागती का ह्याला?"