आठ नसलेली संख्या

भर दुपारी लाईट गेली की माणसानं गुमान झोपावं. पण परभणीच्या मे महिन्यात पंख्याशिवाय कुठली झोप! मग माझं बोट आपसूक मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर जातं. संख्या ठरलेली: १२३४५६७९. आठ गाळून.

ही खोड मोंढ्यातली, म्हणजे धान्याच्या बाजारातली. मामा आडतीवर होते, सुट्टीत मी त्यांच्या गादीच्या कोपऱ्यात. तिथला कॅल्क्युलेटर बारा आकडी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, बेरजेच्या बटणावरची खूण पार पुसलेली. मुनीमकाका विचारायचे, "कोणता आकडा आवडतो रे तुला?"

"सात."

"सात नवे त्रेसष्ट. गुण मग त्रेसष्टनं."

गुणलं की पडद्यावर ७७७७७७७७७! घरी बहिणीच्या आठ आकडी कॅल्क्युलेटरवर हेच केलं की कोपऱ्यात नुसता 'ई' उमटायचा. तेवढ्यात कुणीतरी तुरीची पट्टी घ्यायला समोर उभं राहायचं आणि काका एका बटणात माझे सगळे सात पुसायचे. हमाली, तोलाई वजा जाऊन त्या माणसाचं जे उरायचं, ते असं एका रांगेत कधी नसायचं.

आठ कुठं गेला, हे कोडं मला पुष्कळ वर्षं होतं. एकाला ८१ नं भागा. ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... असं चालूच राहतं. खरं तर तिथं एक, दोन, तीन करत सगळेच ओळीनं येतात, आठ आणि नऊसुद्धा. पण नवामागून येतो दहा, आणि एका घरात दहा मावत नाही. त्याचा हातचा नवाला, नवाचे झाले दहा, त्यांचा हातचा आठाला. आठाचा नऊ झाला, नवाचं शून्य. म्हणजे आठ आहे तिथंच आहे, नऊ होऊन बसलाय. गेला असेल तर नऊ! मुनीमकाकांना हे ठाऊक असणार असं मला उगाच वाटतं. हातच्यातच त्यांचा जन्म गेला.

आणखी एक गंमत. दोननं गुणा, २४६९१३५८, सात गैरहजर. चारनं, ४९३८२७१६, पाच नाही. पाचनं, ६१७२८३९५, चार नाही. शून्य आम्ही धरत नाही. जितक्यानं गुणाल तितके नवातून वजा करा, तोच आकडा दांडी मारतो. तीन, सहा आणि नऊ तेवढे या शिस्तीत बसत नाहीत. तीननं गुणलं की ३७०३७०३७ येतं, पोटातला ३७ बाहेर डोकावतो. कारण ही अख्खी संख्या म्हणजे ३७ गुणिले ३३३६६७.

त्यातली ३३३६६७ मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंही भाग जात नाही. एवढे रुपये खात्यात पडले तर आमची भावकी देईल म्हणा भागून.