सुई नाय ना ती?

"मॅडम, सुई नाय ना ती?"

तिसरीतली मुलगी. तोंड घट्ट मिटलेलं, नजर आम्ही डिझाइन करत असलेल्या अवजाराच्या नमुन्याच्या टोकावर. दात किडू नयेत म्हणून त्यांना फ्लोराइड वार्निशचा थर लावायचं साधं हँडल ते. पेनासारखं धरायचं, हँडलची मान हवी तशी वाकवायची, टोकाला दरवेळी नवा बारीक ब्रश. टोचण्यासारखं त्यात काहीच नाही.

डॉक्टर मॅडमनी समजावत बसायच्या भानगडीत न पडता वार्निशचा ठिपका तिच्या अंगठ्याच्या नखावर लावला.

"हे तर नेलपॉलिश!" म्हणत तिने आ वासला.

पुढचं काम झटपट झालं. दात कोरडे करायचे, पातळ थर फिरवायचा. लाळ लागली की वार्निश जागेवरच घट्ट होतं. त्यात फ्लोराइड २२,६०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), म्हणजे रोजच्या पेस्टच्या पंधरापट तरी. त्यामुळे थेंबभरच घ्यायचं आणि नेमकं लावायचं. म्हणून तर मानेचा कोन, पकडीची जाडी आणि अनामिका शेजारच्या दातावर टेकवायची सोय यांवर आम्ही इतके भांडलो.

पण हे सगळं धरणाऱ्याच्या बाजूने. मान मागे टाकून बसलेल्या पोराला पकड दिसतच नाही. दिसतं ते टोक, तेही थेट तोंडावर येणारं. आमच्या एकाही ड्रॉइंगमध्ये हा कोन नाही. (आणि दवाखान्यातली प्रत्येक वस्तू पांढरी-करडीच का, देव जाणे.)

इथल्या दंतवैद्य मंडळींनो, तुमच्याकडची मुलं कोणतं अवजार बघून तोंड मिटतात? आणि कोणतं स्वतःहून हातात मागतात?