तेवीस किल्ले आणि एक घोरपड

लेकीचे शिक्षण घरीच सुरू केल्यापासून इतिहासाच्या गोष्टी निवडण्याचे काम माझ्याकडे आले आहे, आणि त्यांत मी पराक्रमाइतकीच माघारीलाही जागा देते. प्रतापगड आणि पावनखिंड तिला तोंडपाठ आहेत, पण १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांना २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले आणि हाती १२ च राहिले, हे ऐकल्यावर ती नकाशावर पेन्सिलीने एकेका किल्ल्यावर फुली मारत गेली आणि कोंढाण्यापाशी हात थांबवून तिने विचारले, "हासुद्धा?" १६७० मध्ये तानाजी तिथे का चढले, हे मग वेगळे समजावून सांगावे लागले नाही. घोरपडीची कथा मात्र मी दंतकथा म्हणूनच सांगते. ती गाळून टाकण्याइतकी मी रुक्ष नाही. जुन्या पुस्तकांतली भाषा जड असली तरी ती मी सोपी करत नाही, अडलेल्या शब्दापाशी थांबते. आग्र्याहून सुटका झाली तेव्हा, १६६६ मध्ये, संभाजीराजे नऊ वर्षांचे होते. लेकही नऊचीच आहे. मिठाईच्या पेटाऱ्यांपेक्षा, मथुरेत मागे राहिलेल्या त्या मुलाने दिवस कसे काढले असतील, हेच ती मला पुन्हा पुन्हा विचारते.