चंद्र कुठाय?

आमच्या हॉलमधल्या मोठ्या तैलचित्रासमोर आलेला पाहुणा जरा वेळ थांबतो आणि मग विचारतोच, "चांदण्यातला समुद्र ना? मग चंद्र कुठाय?" शेजारच्या काकूंनी तर आडपडदाच ठेवला नाही. "अगं, चंद्र काढायचा राहिला की तुझा!"

राहिला नाही हो काकू. तो माझ्या पाठीशी आहे.

पौर्णिमेला आम्ही केळव्याला गेलो होतो. आई, भाऊ-वहिनी आणि त्यांची दोन पोरं. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून बसलेला. पौर्णिमेचा चंद्र उगवतो सूर्य मावळता मावळता, म्हणजे पूर्वेला, सुरूच्या बनामागून. तो समुद्रावर यायचा तर पहाट व्हायला हवी, आणि पहाटे चारला वहिनी पोरांना घेऊन वाळूत येणं शक्य नाही. पाण्यावरचा तो कॅलेंडरछाप रुपेरी पट्टा चंद्र समोर असेल तरच दिसतो. मला तो ठाण्यात रोजच्या वाटेवर मिळतो. कोपरीहून खाडी पूर्वेला, पलीकडे पारसिकचा डोंगर आणि त्यावर चंद्र. पहिल्या कॅनव्हासवर मी हाच पट्टा उचलून केळव्याच्या पाण्यात टाकला. दिसायला झकास! पण माणसांच्या सावल्या समुद्राकडे, आणि चंद्रही समुद्रावरच. तो कॅनव्हास अजून कपाटामागे आहे.

दुसऱ्यात समुद्र जवळजवळ काळा ठेवला. गडद निळा अल्ट्रामरीन आणि गडद तपकिरी बर्न्ट अंबर. नुसता काळा रंग लावला की भोक पडल्यासारखं दिसतं. उजळ फक्त फेसाची ओळ आणि वाळू. डाव्या कोपऱ्यात एक लांबोडकी सावली आहे, ती कोणाची असंही विचारतात. माझी. चंद्र मागे म्हटल्यावर मी सुटणार कशी?

माणसांनी मात्र छळलं. धाकट्या भाच्याला हौसेने डोळे काढले, तर कोणीतरी तोंडावर बॅटरी मारल्यासारखा दिसायला लागला. टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसले. चांदण्यात माणूस ओळखू येतो तो उभं राहण्याच्या ढबीवरून.

आणि आईची साडी. ती त्या दिवशी लालभडक साडी नेसली होती. मी लाल रंगवली आणि सगळी रात्रच गेली. ट्यूबलाइटखाली उभी असल्यासारखी आई. उजेड कमी झाला की आपल्या डोळ्यांना लाल रंग सगळ्यात आधी काळवंडलेला दिसतो, निळा मात्र तग धरतो. पुर्किन्ये नावाच्या शास्त्रज्ञाने 19व्या शतकातच हे टिपून ठेवलंय. खरं तर चांदणं म्हणजे परतून आलेलं ऊनच, ते निळं नसतंच. निळं करतात आपले डोळे. म्हणून अंबरमध्ये अल्ट्रामरीन आणि सुरीच्या टोकावर मावेल इतकंच लाल क्रिमझन घेतलं. ऐन पावसाळा, खिडक्या बंद, घरभर जवसाच्या तेलाचा वास, आणि तेवढा पदर वाळायला तीन आठवडे.

चित्र टांगल्यावर आई जवळ जाऊन, चष्मा वर-खाली करून बघत राहिली.

"माझी साडी काळी का केलीस? काळी नेसून मी कधी बाहेर पडलेय?"

"आई, रात्री नऊला ती अशीच दिसत होती."

"तुला दिसत असेल."

आता कोणी चंद्राचं विचारलं की मी बोलायच्या आत आई सांगते, "चंद्राचं जाऊ दे, ही साडी लाल आहे बरं का."