आठवा ठिपका

खोका उघडल्यावर पहिल्यांदा दिसल्या त्या पिवळ्या चिठ्ठ्या. अकरा कार्डांवर अकरा, आणि प्रत्येकीवर बॉलपेननं गिरवलेला इंग्रजी 'आर'. सोबत एक पत्र होतं. भाऊ वारला, हा त्याचा संग्रह, यातली चमकणारी दुर्मिळ कार्डं मी वेगळी करून खूण केली आहे, बाकीची साधी आहेत.

चिठ्ठ्या लावून आलेल्या खोक्याची मला धास्ती वाटते. मालकानं मनात हिशेब मांडलेला असतो आणि तो मोडायचं काम माझ्या वाट्याला येतं. लिलावासाठी येणारी खेळाडूंची कार्डं तपासायची, कोणतं कार्ड कोणत्या संचातलं, कोणत्या आवृत्तीचं, कोपरे कसे आहेत, हे बघून एक ओळ लिहायची, एवढंच माझं काम. पण ती ओळ वाचून कुणीतरी पैसे मोजतं. त्यामुळे 'रिफ्रॅक्टर' हा एक शब्द लिहिण्याआधी मी तीनदा हात आवरते.

ज्यांनी ही कार्डं कधी हातात घेतली नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 1993 साली टॉप्स या अमेरिकन कंपनीनं बेसबॉलचा 'फाइनेस्ट' नावाचा संच काढला. एकूण 199 कार्डं, पृष्ठभागावर धातूसारखी चकाकी. म्हणजे यातलं अगदी साधं कार्डसुद्धा चमकतंच. पण त्याच 199 कार्डांची आणखी एक आवृत्ती पाकिटांत मिसळलेली होती. चित्र तेच, क्रमांक तोच. फक्त प्रकाशात कलवलं की चकाकी फुटून तिचे रंग होतात. हे पहिले रिफ्रॅक्टर. साधारण 18 पाकिटांमागे एक निघायचं. किती पेट्या बाजारात आल्या याचा उलटा हिशेब मांडून प्रत्येक खेळाडूचे सुमारे 241 रिफ्रॅक्टर असावेत असं संग्राहक धरून चालतात.

खरी मेख पुढेच आहे. पुढच्या वर्षांतल्या बऱ्याच संचांत कार्डाच्या पाठीवर क्रमांकाजवळ बारीक अक्षरात 'रिफ्रॅक्टर' असं छापलेलं असतं. 2012 पासून आलेल्या, पनिनी या दुसऱ्या कंपनीच्या 'प्रिझम' संचांत चंदेरी आवृत्तीच्या पाठीवर 'प्रिझम' हा शब्द असतो, साध्या कार्डावर नसतो. अशा वेळी डोळ्यांना त्रास द्यायचाच नाही, कार्ड उलटं करायचं आणि वाचायचं. (आमच्याकडे नवीन आलेल्या मुलानं पहिल्याच आठवड्यात चाळीस साधी प्रिझम कार्डं 'सिल्व्हर' म्हणून लिहून ठेवली होती. चमकत होती ना ताई, असं त्याचं म्हणणं. त्या संचात सगळंच चमकतं.) 1993 च्या फाइनेस्टच्या पाठीवर मात्र काहीही लिहिलेलं नाही. साधं आणि रिफ्रॅक्टर पाठीकडून अगदी सारखे. जे काय ठरवायचं ते पुढची बाजू बघून.

लोकांना वाटतं, सगळ्यात दुर्मिळ कार्ड ओळखणं सगळ्यात अवघड असेल. उलट आहे. 'सुपरफ्रॅक्टर' म्हणून जे जगात एकच असतं, त्याची पार्श्वभूमी सोनेरी भोवऱ्यांची असते आणि वर एकपैकी एक असा शिक्का असतो. माइक ट्राउट या बेसबॉलपटूचं 2009 चं तसलं कार्ड 2020 साली 39 लाख डॉलरच्या पुढे गेलं. ते लहान मूलही ओळखेल. आम्हाला घाम फुटतो तो साध्या, बिनरंगी, प्रतींचा आकडा न छापलेल्या चंदेरी रिफ्रॅक्टरनं.

तर ती अकरा कार्डं, याच 1993 च्या फाइनेस्टची. सगळी जाड अ‍ॅक्रिलिकच्या दोन पाट्यांमध्ये, चार कोपऱ्यांना चार स्क्रू आवळलेली. नव्वदच्या दशकात आवडत्या कार्डासाठी हीच पद्धत होती. आज कुणी तसं करत नाही, कारण स्क्रू जास्त आवळला की कार्ड दबतं आणि कधीकधी पृष्ठभाग अ‍ॅक्रिलिकला चिकटतो. पण भावानं त्या काळाच्या रिवाजानुसार जिवापाड जपली होती. वर केन ग्रिफी ज्युनियर, 110 क्रमांकाचं. त्याखाली नोलन रायन, 107 क्रमांकाचं. रायन हा चेंडू फेकणारा, 27 हंगाम खेळला आणि 1993 हा त्याचा शेवटचा.

मी ग्रिफी हातात घेतलं आणि खिडकीकडे धरलं. रंग दिसले. छान दिसले, हिरवे, गुलाबी, पाण्यावर तेलाचा तवंग पसरावा तसे. आणि तिथेच शंका आली, कारण ते तवंगासारखे होते. वेडीवाकडी वर्तुळं, एकात एक, खेळाडूच्या खांद्यापाशी एक झुबका आणि तळाशी दुसरा.

दोन गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांना जवळपास टेकले की मधल्या हवेच्या अतिपातळ थरामुळे असे रंग उमटतात. शाळेच्या प्रयोगशाळेत काचेवर भिंग ठेवून दाखवतात ती न्यूटनची वलयं. इथे काचेच्या जागी अ‍ॅक्रिलिक आणि भिंगाच्या जागी चकचकीत कार्ड. कार्डात काहीही विशेष नसलं तरी हे रंग दिसतात. पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांनी बहुधा हेच पाहिलं होतं.

स्क्रू काढायला बसले. एकेक पाटी सोडवायची, कार्ड कडेनं उचलायचं आणि माझ्या दोन साक्षीदारांच्या मध्ये ठेवायचं. माझ्या टेबलावर त्याच संचातली दोन कार्डं कायम असतात, एक खात्रीचं साधं, एक खात्रीचा रिफ्रॅक्टर. स्मरणशक्तीवर माझा विश्वास नाही. रंग डोक्यात राहत नाहीत, फक्त 'रंग होते' एवढं राहतं.

मग ट्यूबलाइट बंद. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि लोक नेमकं हेच करत नाहीत. ट्यूबचा प्रकाश लांबलचक नळीतून येतो, त्यामुळे तिच्या प्रत्येक भागामुळे पडणारे रंग एकमेकांवर चढतात आणि मिसळून पुन्हा पांढरे दिसतात. रिफ्रॅक्टरही तिच्याखाली मुका होतो. एकच छोटा, बिंदूसारखा दिवा हवा. मी साधी टॉर्च वापरते, हातभर अंतरावरून. कार्ड हळूच डावीकडून उजवीकडे कलवायचं. साध्या कार्डावर एक पांढरट चकाकी सरकते, आरशावरून सरकावी तशी. रिफ्रॅक्टरवर त्याच चकाकीचा पट्टा होतो, तांबडा, पिवळा, हिरवा, निळा, आणि तो या कडेपासून त्या कडेपर्यंत ओळीनं चालत जातो. सीडीच्या पाठीवर रंग जसे फिरतात, तसंच. एकदा बघितलं की विसरत नाही. पण फोटोत हे पकडता येत नाही, फोटोत कार्ड स्थिर असतं. म्हणून नुसता फोटो पाठवून 'हे कोणतं' असं विचारणाऱ्यांना मी व्हिडिओ मागते.

दहा पाट्या उघडल्या. आठ साधी निघाली, ग्रिफीसकट. दोन रिफ्रॅक्टर.

अकरावी रायनची. तिचा एक स्क्रू झिजून गुळगुळीत झाला होता, पाना फिरला तरी स्क्रू फिरेना. जोर लावला तर अ‍ॅक्रिलिक तडकेल आणि तडा थेट कार्डावर जाईल, म्हणून सोडून दिलं. बाहेरूनच टॉर्च मारली. वलयंच वलयं. मघाच्या आठांसारखीच. चिठ्ठी काढली, वहीत 'साधं, पाटीत, उघडता आलं नाही' असं लिहिलं आणि साध्यांच्या गठ्ठ्यात ठेवलं. पाऊण वाजला होता आणि उरलेली जवळपास दोनशे कार्डं वाट बघत होती.

बिनचिठ्ठीच्या त्या ढिगात पाच रिफ्रॅक्टर सापडले. कुणीही न ओळखता, पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांत, दुय्यम खेळाडूंच्या मध्ये गुमान बसलेले. एकाला तर मी पहिल्या फेरीत चुकलेही असते, पिशवीवर इतके ओरखडे होते. पिशवीतून काढून बघायचा नियम कंटाळवाणा आहे, पण तो त्यासाठीच आहे. याच खोक्यात नव्वदच्या दशकाच्या मध्यातली काही कार्डंही होती, वर कंपनीनंच चिकटवलेला पारदर्शक पापुद्रा असलेली. तो काढू की नको यावर संग्राहकांत कधी एकमत होणार नाही. मी मालकाला न विचारता कधीच काढत नाही. पापुद्र्याखाली रंग मंद दिसतात, एवढं लक्षात ठेवून बघायचं. आणि एक कार्ड हिरवट पडलेलं. त्या वर्षांतली चकाकीची कार्डं काळानं अशी हिरवी होतात, त्याला दुर्मिळ रंग समजून लोक भांडतात.

दुपारी गृहस्थांना फोन केला. सात निघाले, पण तुमच्या अकरापैकी फक्त दोन, असं सांगितलं.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "मॅडम, मी तास-दीड तास बघत बसलो होतो हो. रंग दिसत होते मला."

"रंग होतेच," मी म्हटलं, "पण ते पाटीचे होते." वलयांबद्दल सांगितलं. त्यांना ते पटलं की नाही कळलं नाही. वाद घातला नाही त्यांनी. फक्त म्हणाले की भावाला हे सगळं कळायचं, तो वहीत लिहून ठेवायचा, मला ती वही काही समजली नाही.

"वही आहे तुमच्याकडे?"

होती. रद्दीत काढून ठेवली होती. पानांचे फोटो मागवले. 1 ते 199 आकडे, जे कार्ड भावाकडे होतं त्याच्या आकड्यापुढे बरोबरची खूण. आणि काही खुणांच्या शेजारी पेन्सिलीचा बारीक ठिपका. मला आधी वाटलं जास्तीच्या प्रती असतील. मग माझ्या सात क्रमांकांशी ताडून बघितलं. सातही क्रमांकांपुढे ठिपका. बाकी पानं कोरी.

ठिपके मात्र आठ होते. आठवा 107 पुढे.

मी साध्यांच्या गठ्ठ्यातून रायनची पाटी पुन्हा काढली तेव्हा खरं सांगायचं तर आधी रागच आला, वहीवर. माणूस चुकू शकतो, त्यानं ठिपका चुकून दिला असेल. मी टॉर्च मारली. वलयं दिसली. सकाळी एवढ्यावरच थांबले होते. आठ वेळा वलयं आणि आठ वेळा साधं कार्ड, म्हणून नवव्यांदाही तसंच. वलयं दिसली म्हणजे खाली काही नाही, असं मी कधी धरायला लागले ते माझं मलाच कळलं नव्हतं. वलयं फक्त पाटीबद्दल सांगतात. कार्डाबद्दल ती गप्प असतात.

पाटी उघडता येत नव्हती, पण तीन स्क्रू चांगले होते. ते पूर्ण काढायची गरज नव्हती. तिन्ही जेमतेम अर्धा-अर्धा आटा सैल केले. मधल्या हवेच्या थराची जाडी बदलली की वलयांनी जागा सोडायला हवी, ती हवेचीच असतात. कार्डात बसलेले रंग असतील तर त्यांना स्क्रूशी काही देणंघेणं नाही.

खांद्यावरची वलयं पसरली, फिकी झाली, चौथ्या आवळलेल्या कोपऱ्याकडे सरकून तिथे गोळा झाली. उरलेलं कार्ड मोकळं दिसायला लागलं. ट्यूब बंद केली, टॉर्च धरली आणि पाटी सावकाश कलवली. तांबडा, पिवळा, हिरवा, निळा. एका कडेनं शिरला आणि दुसऱ्या कडेनं निघाला, मध्ये कुठेही न तुटता. शेजारी माझा साक्षीदार ठेवला. दोघांवरचे पट्टे एकाच वेळी, एकाच बाजूला चालले.

तेवढ्यावर लिहिलं नाही. सहकाऱ्याला बोलावलं, काही न सांगता पाटी दिली आणि फक्त विचारलं, कोणतं? त्यानं दोनदा कलवलं आणि म्हणाला, "रिफ्रॅक्टर. का, काय झालं?" स्क्रूचं डोकं कोरून काढायचं काम आमच्याकडे जो करतो त्याच्याकडे पाटी दिली. मला ते जमत नाही आणि त्या दिवशी तर हात स्थिरही नव्हते. कार्ड बाहेर आलं, चिकटलेलं नव्हतं, वरच्या उजव्या कोपऱ्यावर स्क्रूच्या दाबाची हलकी खूण तेवढी होती. ती नोंदीत लिहिली. सकाळची ओळ खोडली, वर नवी लिहिली, शेजारी वेळ आणि सही.

संध्याकाळी पुन्हा फोन केला. आठवं सापडलं म्हणून सांगितलं, आणि सकाळी ते मीच साध्यात टाकलं होतं हेही सांगितलं. ते न सांगताही चाललं असतं.

"कुठलं?" त्यांनी विचारलं.

"रायन. 107."

"ते त्याचं सगळ्यात आवडतं होतं." थोडं थांबून म्हणाले, "त्याच्यावर माझी चिठ्ठी होती ना पण?"

"होती," मी म्हटलं. "मीच काढली होती."